डोंगरापलीकडे आंघोळीला

अमेरिकेतल्या बॉथेलहून निघालो तेव्हा पाऊस पडत होता. तो तिथे नेहमीच पडतो, म्हणून अधिक लिहीत नाही. २००५चा जानेवारी. माझी रूममेट मंजिरी ड्राइव्ह करत होती. आम्ही कॅस्केड डोंगरांपलीकडे, तिच्या मावशीकडे चाललो होतो. मावशीचे यजमान शरदकाका रिटायर झाल्यावर तिथल्या खेड्यात घर घेऊन राहायला गेले होते. मावशीही गेली होती, पण 'राहायला' असं ती म्हणत नसे.

"घर तापतच नाही यार," मंजिरी म्हणाली. "मावशी कायमची फ्रीमाँटला मुलीकडे जायचं म्हणतेय. काकांनी शेवटचा उपाय म्हणून लाकडाचा स्टोव्ह घराच्या हीटिंगला जोडलाय. उद्या पेटवणार. बघायला बोलावलंय."

"बघायला की साक्षीला?" मी विचारलं.

पासवर (खिंडीत) बर्फ होतं. टायरना साखळ्या बांधताना आमची तारांबळ उडाली. शेवटी एका ट्रकवाल्याने खाली उतरून, त्या आम्ही उलट्या बांधल्याचं अदबीने दाखवून दिलं. खिंड ओलांडली आणि आकाश स्वच्छ झालं. काळपट दाट झाडी मागे राहिली, पुढे विरळ पाइन आणि डोळे दिपवणारं पांढरं खोरं.

मावशीने दार उघडलं ते कोट आणि माकडटोपी घालूनच. "कोट काढू नका गं," ती म्हणाली. थालीपीठ तव्यावरून उतरल्या उतरल्या खावं लागत होतं, कारण ताटात त्याचा पापड होई.

सकाळी काकांनी आम्हाला खालच्या मजल्यावर नेऊन सगळं समजावलं. स्टोव्हच्या पाठीला पाण्याची पेटी. तिथलं पाणी तापलं की आपोआप वरच्या मजल्यावरच्या टाकीत चढतं. टाकीतून ते नळाला येतं, आणि एक छोटा विजेचा पंप ते रेडिएटरमध्ये (भिंतीलगतच्या, आतून गरम पाणी फिरणाऱ्या लोखंडी नळ्यांत) फिरवतो.

"म्हणजे बंबच," मावशी म्हणाली, आणि तिने स्टोव्हला हळदकुंकू लावलं.

काकांनी काडी ओढली. थोड्या वेळात रेडिएटर कोमट झाले, मग चांगलेच गरम. मावशीने टोपी काढली. मग कोटाची बटणं. उत्साहाच्या भरात काकांनी स्टोव्ह गळ्यापर्यंत लाकडांनी भरला, आणि वीज गेली.

पंप थांबला. रेडिएटर निवू लागले आणि सगळी आच टाकीत जाऊ लागली. काकांनी स्टोव्हची हवा बंद केली, पण पेटलेली लाकडं कुठे ऐकतात? टाकीवरच्या तापमापकाचा काटा धोक्याच्या तांबड्या रेघेकडे सरकला. वाफ सोडायची नळी भिंतीबाहेर फुसफुसायला लागली.

"काका, बाहेर पळायचं का?" मंजिरीने विचारलं.

"पळायचं नाही. आंघोळ करायची."

नळाचं पाणी टेकडीवरून उताराने येत होतं, त्याला वीज लागत नव्हती. गरम पाणी काढलं की टाकीत थंड भरणार.

"नळ नुसता सोडून दिला तर?" मी म्हटलं.

"तापवलेलं पाणी वाया? माझ्या घरात?" मावशी म्हणाली आणि माझ्या हातात टॉवेल दिला.

अमेरिकेत आल्यापासून, आंघोळ उरका म्हणून दार वाजवणारे पुष्कळ भेटले होते. इथे मंजिरी दार वाजवून सांगत होती, "अजून घे! भरपूर घे!" माझ्यानंतर ती गेली. मग मावशी न्हायली आणि आत गेलीच आहे तर दोन रजयाही धुऊन आली. इतक्यात वाफ पाहून शेजारचा वॉल्ट बर्फ तुडवत आला. "एव्हरीथिंग ओके?"

"यू टेक बाथ," मावशी म्हणाली.

तो थोडा गोंधळला. पण त्याच्याही घरची वीज गेलेली. तो बायकोला घेऊन परत आला, टॉवेलसकट.

काका मात्र काट्यासमोरून हलले नव्हते. चेहरा पार उतरला होता. मावशी ओल्या केसांनी त्यांच्यापाशी गेली.

"तुमची आंघोळ?"

"मग काटा कोण बघणार?"

"मी बघते. काय बघायचं ते सांगा."

काकांनी तिला रेघ दाखवली. ती खुर्ची ओढून बसली. ते आंघोळ करून आले तेव्हा काटा उतरला होता, तरी तिने खुर्ची सोडली नाही.

दुपारी वीज आली आणि पंप फिरू लागला. "पंपाला बॅटरी जोडतो," काका म्हणाले. "मग आंघोळीची सक्ती नाही." मावशी फोनवर मुलीशी बोलत होती. "नाही येत गं एवढ्यात. इथे काटा बघावा लागतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. आमच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीवरचं बटण फिरवलं की खोली तापते, कोणाला काही करावं लागत नाही. सोमवारी ऑफिसात विचारलं, वीकेंडला काय केलं? मी म्हटलं, आंघोळ केली. सगळे हसले. त्या देशात पुढे मी मोठमोठ्या दऱ्या आणि धबधबे पाहिले, त्यांचे फोटोही आहेत. पण एखादं माणूस एखाद्या घरात राहायचं ठरवतं, ते समोर घडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.