भामाबाईची उन्हाळी टमाटी

भर उन्हाळ्यात फळ धरेल असा टोमॅटो लावू नये, हे कासुर्डीत कुणाला शिकवावं लागत नाही. फुलं गळतात, पांढरी माशी बसते, पानं वळून जातात, आणि पाण्याची तर बोंबच. पण भामाबाईला सांगून ऐकतंय कोण! फाल्गुन सरता सरता तिनं न्हाणीच्या मागच्या पट्ट्यात रोपं लावली ती लावलीच. घरचा ऊस आहे, नवरा हौसराव एकेकाळी सोसायटीचा संचालक होता. बाजारातून पाटीभर टोमॅटो आणायची ऐपत नाही असंही नाही. आणि गंमत म्हणजे ज्या बाईनं ते लावले, तिला त्यातला एकसुद्धा खायचा नव्हता.

मागल्या दिवाळीत भामाबाईच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा दौंड. सकाळी हौसरावांच्या मोटरसायकलवर हायवेपर्यंत, तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं दवाखान्यात, मग डायलिसिसच्या मशिनीला हात जोडून घेऊन पडून राहायचं. येताना तिचं डोकं गरगरायचं आणि जीपमधल्या कुणाच्याही खांद्यावर ती मान टाकायची. लाज वगैरे सगळी संपली होती. घरी आलं की अंथरूण, दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतंय तोवर तिसऱ्या दिवशी परत तीच जीप.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पाणी दिवसाला एवढी बाटलीभर, वर घोटभर नाही. केळं बंद, नारळपाणी बंद, टोमॅटो बंद. त्यानं रक्तातलं पोटॅश वाढतं आणि काळीज एकदम थांबतं.

"अगं बया!" भामाबाई म्हणाली, "जलमभर मीच टमाट्याला पोटॅशचं खत टाकलं, आन् आता माझ्याच अंगात साठलं व्हय ते?"

डॉक्टरीणबाई हसल्या, भामाबाईपण हसली. घरी येऊन मात्र तोंडात पदर कोंबून रडली. कारण केळ्याचं तिला काही नव्हतं, पण टोमॅटो म्हणजे तिचा जीव. माहेरी पाबळला असताना मिठाची पुडी ओच्यात घेऊन रानात जायची आणि पोट फुगेपर्यंत खायची. लग्न होऊन आली तरी तीच तऱ्हा. बाई टोमॅटोच्या रानात शिरली की अर्धी पाटी पोटात, असं हौसराव चारचौघांत सांगायचे.

तर दिवाळीनंतर काय झालं, घरातून टोमॅटो नाहीसाच झाला. आमटीत आमसूल, पोह्यांवर नुसती कोथिंबीर, चटणी शेंगदाण्याची. भामाबाईच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिनं सुनेला विचारलं. मोनिका तशी गुणाची पोरगी. नवरा कारेगावात खोली करून कंपनीत नोकरी करतो, रविवारी येतो. ही इथं सासू-सासऱ्यांचं सगळं बघते. पण खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात.

"महाग झालेत, आत्या. कोण घेतंय एवढ्या भावानं!"

"महाग झाल्यात व्हय? बरं. मग घरीच लावते," भामाबाई म्हणाली. "माझं तोंड बंद झालं म्हणून घराचं कशाला बंद व्हायला पायजे?"

एवढंच होतं तिच्या मनात. आपण नाही तर नाही, पण ताटात लाल रंग दिसावा, कुणीतरी भुरका मारावा, आणि आपण ते बघावं. बाकी आता तिच्याकडं बघायला होतं तरी काय?

पण यंदाचा उन्हाळा! चैत्र लागला नाही तर वैशाखासारखं भाजायला लागलं. घरची बोअर आटली, विहिरीचं पाणी उसालाच पुरेना, नळ आला तर आला. मग भांड्यांचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, सगळं साठवून भामाबाई तांब्यातांब्यानं झाडांना घालायची. दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी पाय नुसते ओढत चालायची. चार रोपांना पाणी घातलं की दगडावर बसायची, धाप टाकायची, पुन्हा उठायची.

आणि तहान म्हणजे काय तहान! जिभेवर वाळू पसरल्यागत व्हायचं. हातात भरलेला तांब्या, समोर आळ्यात पाणी चर्रकन जिरतंय, आणि आपल्याला मात्र चूळ भरून थुंकायची तेवढी मुभा. कधीकधी तिला त्या झाडांचा असा राग यायचा की वाटायचं उपटून फेकावीत. "प्या, मेल्यांनो, प्या," ती पुटपुटायची, "तुमच्या किडन्या धड हायत."

मग व्हायरस आला. निम्मी झाडं खारकेसारखी सुकली. ती हौसरावांनी उपटून लांब नेऊन जाळली. राहिलेल्यांवर भामाबाईनं जुन्या लुगड्याची सावली केली, काठ्या रोवून सुतळीनं बांधली. फुलं यायची आणि दुपारच्या झळीनं गळून पडायची. हौसराव वैतागायचे.

"सोड की नाद. जीवापेक्षा जास्त हाय का ते?"

"मला दुसरं काय काम हाय?" ती म्हणायची. त्यावर हौसराव बादली उचलून आणायचे. तेही थकले होते बिचारे. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून पाठ मोडली होती, आणि घरी आल्यावर या बाईची बागाईत.

एवढं करून शेवटी पाच-सहा झाडांना फळ धरलं. लहान, जाड सालीचं, देठाजवळ पिवळट राहिलेलं, पण लाल झालं. भामाबाईनं पहिला तोडा केला आणि मोनिकाच्या पुढ्यात पाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दौंडला गेली. परत आल्यावर, पडल्यापडल्याच विचारलं, "केली का गं भाजी?"

"केली की, आत्या. तुम्ही नव्हता तवाच उरकली. मामांनी दोनदा घेतली."

मोनिका हौसरावांना मामाच म्हणते. ती पाठमोरी होती, म्हणून कान काही दिसले नाहीत. भामाबाई भिंतीकडं तोंड करून निजली, आणि खूप दिवसांनी तिला बरं वाटलं. पुढचे तोडेही असेच गेले. तिच्यासमोर कधी टोमॅटो शिजला नाही, पण तिला वाटलं, माझा जीव दुखू नये म्हणून माझ्यामागं खातात. खाईनात का! खातात ना?

एका सकाळी बरं वाटलं म्हणून ती शेजारच्या धुरपदाकडं जाऊन बसली. धुरपदा पोरांना न्याहारी वाढत होती. ताटात लालभडक टोमॅटोची चटणी.

"कितीला आणलीस गं टमाटी?"

"आणतीय कुठली! तुमच्याच परसातली हायत की. भाऊजी समदीच्या समदी आणून देत्यात. म्हणलं, ठेवा थोडी घरी, तर म्हणले आमच्यात कोण खात न्हाई."

भामाबाई उठली. धुरपदा "आवं, बसा की" म्हणत राहिली, पण ती थांबली नाही. एवढंसं अंतर, तेवढ्यात तिला दोनदा कुडाला धरून उभं राहावं लागलं. परसात हौसराव झाडांना पाणी घालत होते.

"टमाटी धुरपदीला देता व्हय?"

हौसरावांच्या हातातला तांब्या थांबला. मोनिका दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

"तुझ्यासमोर घास उतरत न्हाई गं," हौसराव म्हणाले.

"मी दौंडला जाते तवा?"

"तवाबी न्हाई. मी सोडलाय टमाटा. दिवाळीलाच सोडला. आन् मी सोडला म्हणून पोरीनंबी सोडला."

सोडला! भामाबाई मटकन दगडावर बसली. हौसरावांची आई गेली, तेव्हा त्यांनी सीताफळ सोडलं होतं. म्हातारीला सीताफळ लई आवडायचं, म्हणून दहाव्याला, नदीवर, पिंडाला हात जोडून सोडलं. त्यानंतर आजतागायत तोंडात घातलं नाही. मेलेल्या माणसाच्या आवडीचं असं सोडतात, हे भामाबाईला ठाऊक होतं. ती स्वतः आपल्या बापाच्या नावानं कारल्याची भाजी खात नव्हती.

"म्हंजी माझं दहावं उरकून मोकळं झालात तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढायला हवा होता, पण तेवढा दमच नव्हता तिच्यात. "मी तिथं सुया टोचून घेते, पाण्याविना तडफडते, त्या जीपमधनं मढ्यागत येते, ते कशासाठी? तुमच्यात ऱ्हावं म्हणून ना? आन् तुम्ही मला कवाच पोचवून आलात?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं?"

संचालक असताना सभा गाजवणारा माणूस, पण बायकोपुढं तांब्या धरून नुसता उभा. मोनिका पदरानं डोळे पुसत होती.

भामाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. लुगड्याच्या सावलीत वाकून तिनं एक पिकला टोमॅटो तोडला, पदराला पुसला आणि नवऱ्याच्या पुढं धरला.

"खावा. माझ्यासमोर."

त्यांनी तो घेतला. डोळे मिटून चावा घेतला, तसा रस हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला.

"कसा हाय?"

"गोड हाय."

"खोटं बोलू नका. नीट सांगा."

हौसरावांनी डोळे उघडले, घास सावकाश चघळला. "आंबट हाय. साल जाड हाय, दातात अडकती. आतला दांडा कच्चाच ऱ्हायलाय. पर... पर टमाट्यागत लागतोय गं."

"लागनारच," भामाबाई म्हणाली. उन्हात तापलेल्या टोमॅटोचा तो वास तिच्यापर्यंत आला होता. कोरड्या ठणठणीत पडलेल्या तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं ते गिळलं आणि नवऱ्याचा शेवटचा घास होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग वाकून दुसरा टोमॅटो तोडला.

"ह्योबी खावा," ती म्हणाली. "मी मेल्यावर सोडा काय सोडायचं ते."

हौसरावांनी रडत रडत तोही खाल्ला.