न आलेला कॉन्सल

मायक्रोफिल्मच्या पडद्यावर पत्र क्रमांक त्रेचाळीसनंतर चव्वेचाळीस आलं आणि मी रीळ फिरवायचं थांबवलं. तिथे क्रमांक एक यायला हवा होता.

का, ते सांगते. जुन्या काळी परदेशी बंदरांत अमेरिकेचे कॉन्सल असत. वकिलातीपेक्षा हे धाकटं ऑफिस. जहाजांचे कागद तपासायचे, आजारी खलाशांना घरी पाठवायचं आणि वॉशिंग्टनला नियमाने पत्रं लिहायची. प्रत्येक पत्राला क्रमांक असे. माणूस बदलला की नव्या माणसाचं पहिलं पत्र क्रमांक एक. त्यामुळे मी सहीच्या आधी आकडा वाचते. आम्ही लिहीत होतो त्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाप्रमाणे, चव्वेचाळीस लिहिलं गेलं त्या एप्रिलमध्ये बेटावर नवा कॉन्सल रुजू झाला होता. आकडा म्हणत होता, झाला नव्हता.

मी पुढे गेले. पंचेचाळीस, सेहेचाळीस, असं एकशे बारापर्यंत सलग. खाली सही पहिल्या त्रेचाळीस पत्रांवरचीच, बेटावरच्या एका व्यापाऱ्याची. तो व्हाइस कॉन्सल, म्हणजे कॉन्सल नसताना काम बघणारा स्थानिक माणूस. सहीखाली दर वेळी 'कॉन्सलकरिता'. क्रमांक एकाहत्तरमध्ये त्याने शेवटी विचारलंच होतं, 'नेमलेले गृहस्थ कधी येणार, कृपया कळवावे.' उत्तर आलेलं दिसत नव्हतं. छापील सरकारी यादीत त्या गृहस्थांचं नाव चार वर्षं होतं. ते बेटावर आलेच नव्हते.

मला फार आनंद झाला. चूक सापडल्याचा नव्हे. चूक मुग्धाची होती, याचा.

ही २००५ सालची गोष्ट. न्यू जर्सीतली आमची कंपनी संस्थांचे इतिहास लिहून देते. बँका, हॉस्पिटलं, कधी एखादं चर्च. या वेळचे क्लायंट होते कॅरिबियनमधल्या एका बेटावरच्या वकिलातीत नोकरी केलेले निवृत्त अधिकारी. बेट पूर्वी इंग्रजांचं, उसाचं. कॉन्सलच्या ऑफिसपासून स्वातंत्र्यानंतरच्या वकिलातीपर्यंत सगळा इतिहास त्यांना हवा होता. नाव सांगत नाही, तसा करार आहे.

मी मूळची नागपूरची. इतिहासात एम.ए., लायब्ररी सायन्सची पदवी इथली. मेरीलँडच्या सरकारी दफ्तरखान्यात बसून कागद शोधणं हे माझं काम. अकरा वर्षांत सात पुस्तकांचं शोधकाम केलं, पण कव्हरवर एकदाही नाव नाही. हे आठवं माझं, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात आमच्या बॉसने, बार्बराने, मुग्धाला घेतलं. पुण्याची मुलगी, इथल्याच विद्यापीठातून पीएच.डी. करून आलेली. वय बत्तीस, माझं अठ्ठेचाळीस. पहिल्याच दिवशी तिने मला 'काकू' केलं. एवढ्या अंतरात ताई बसते.

"क्लायंटला कव्हरवर एकच नाव हवंय," बार्बरा म्हणाली. "मुग्धाचं जाईल. वसुधा, तुझं रिसर्च अप्रतिम आहे. पण मुग्धा लिहिते."

खरंच लिहायची. बार्बराने चौथ्या प्रकरणातला तुकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. नवा कॉन्सल धक्क्यावर उतरतो, उन्हाने डोळे बारीक करतो, वगैरे. मी तो तुकडा घरी नेऊन तीनदा वाचला. एक वाक्य सैल सापडलं नाही. मग जेवणात लक्ष लागलं नाही.

तर प्रिंट घेऊन मी मेरीलँडहून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धा कॉफीचा मग घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"काकू, रिळांत काही मिळालं का? मी चॅप्टर फोर फायनल करतेय. छापील यादीवरच सगळं उभं केलंय, जरा धाकधूक आहे."

"विशेष काही नाही," मी म्हटलं.

"थँक गॉड," म्हणून ती गेली. प्रिंट माझ्या ड्रॉवरमध्ये होते, तिच्यापासून दोन फुटांवर.

पुढचे काही आठवडे मी मजेत काढले, हे कबूल करते. एडिसनच्या घरून ट्रेनने ऑफिसला येताना मीटिंगमध्ये काय बोलायचं ते जुळवत असे. आवाज शांत ठेवायचा. 'एक छोटीशी शंका आहे' असं सुरू करायचं. नवऱ्याला सांगितलं तर त्याने भाजी चिरता चिरता विचारलं, "तिला सांगितलंस?"

"मीटिंगमध्ये सांगणार आहे."

"म्हणजे सगळ्यांसमोर."

"मीटिंग सगळ्यांसमोरच असते."

"बरं," तो म्हणाला आणि पुढचा कांदा घेतला. त्याच्या त्या 'बरं'चा मला राग आला.

मीटिंगला क्लायंटकडून मिस्टर हॉलिस आले. त्या वकिलातीत राजदूत होते, आता ऐंशीच्या घरात. मुग्धाचं प्रकरण त्यांना फार आवडलं होतं. त्यांनी तिला धक्क्यावरच्या उन्हाबद्दल विचारलं, ती छान बोलली. मग मी म्हटलं, "एक छोटीशी शंका आहे," आणि प्रिंट टेबलावर मांडले.

मी क्रमांकांची पद्धत समजावली. चार मिनिटं लागली. मुग्धाने प्रिंट जवळ ओढले आणि एकेक आकडा बोटाने बघितला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती सावरून घेईल, निदान वाद घालेल, अशी माझी तयारी होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तो आलाच नव्हता. माझं चुकलं." आणि एकाहत्तर वाचून ती चक्क हसली. "हे पत्र भारी आहे!"

हॉलिसही हसले. मग त्यांनी खिशातल्या पाकिटातून एक फोटो काढला. फोटोत पितळी पाटी होती. वकिलातीच्या दारात लावायची, आजवरच्या सगळ्या प्रमुखांची नावं. मुग्धाने पुस्तकासाठी केलेल्या यादीवरून कोरलेली. न आलेले गृहस्थ सातव्या ओळीत होते. व्यापारी कुठेच नव्हता.

"गेल्या सोमवारी रवाना झाली," ते म्हणाले. "येत्या शनिवारी समारंभ आहे. आमच्यातले नऊजण जाणार आहेत. काहींना पुढच्या वर्षी जमेल असं नाही."

पाटीचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

बार्बराने एक प्रिंट उलटला. दफ्तरखान्यातून कागद बाहेर नेताना मागे तारखेचा शिक्का मारतात. गेली अकरा वर्षं माझ्या प्रत्येक कागदावर तो पडत आला होता.

"वसुधा, याला सव्वीस दिवस झाले."

"हो."

"पाटी कोरायला गेली, त्याला अठरा."

हॉलिस फोटो पुन्हा पाकिटात घालू लागले. तो नीट जाईना, मुग्धाने पाकीट धरून मदत केली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिने मला गाठलं.

"काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही विशेष काही नाही म्हणालात."

"म्हणाले."

ती थांबली, मी काहीतरी पुढे म्हणेन म्हणून. माझ्याकडे जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"यार, काकू," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

चौथं प्रकरण तिने नऊ दिवसांत नव्याने लिहिलं. व्यापाऱ्याचं. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच झालं. माझ्या प्रिंटमधून तिने असं काही काढलं की मला ते वाचताना पुन्हा जेवण गेलं नाही. दुसऱ्याच्या नावाने काम करणाऱ्या त्या माणसात मला मी दिसले, असं लिहायचा मोह होतो. पण तो बंदरातल्या निम्म्या गोदामांचा मालक होता, आणि त्याने निदान एकाहत्तराव्या पत्रात तोंड उघडून विचारलं होतं.

पाटी ठरल्या शनिवारी लागली. दुसरी करायची तर परवानग्या लागतात, म्हाताऱ्या मंडळींनी नाद सोडला. आता पुस्तकात एक तळटीप आहे, की पाटीवरची सातवी ओळ चुकीची आहे. कव्हरवर मुग्धाचं नाव. आभारात माझं तिसरं.

माझी नोकरी गेली नाही. बार्बराने फक्त एक नियम केला: रिळावर काहीही सापडलं तर त्याच दिवशी सगळ्यांना ईमेल करायचा. ऑफिसात त्याला 'वसुधा रूल' म्हणतात. नवीन आलेले कौतुकाने विचारतात, "वसुधा म्हणजे तुम्हीच ना?" मी हो म्हणते, आणि सापडलेलं ड्रॉवरमध्ये ठेवू नका एवढं सांगते. नियम कसा झाला ते अजून कोणी विचारलेलं नाही.