कोरडी आंघोळ

माणसाला पाण्याचा थेंब न लावता आंघोळ घालणारा गवंडी अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो माझ्या वाट्याला आला. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. साठीचे, काटक, मेंदी लावलेली दाढी, कानावर पेन्सिलीच्या जागी खडू. टेप खिशात असायचा, पण बाहेर आलेला मी पाहिला नाही. माप घ्यायचे ते वितीनं, आणि भिंत ठोकून तिला कान लावून बसायचे, डॉक्टर छातीला लावतो तसे. शेजारणीनं आधीच सांगितलं होतं, "काम चांगलंय त्यांचं, पर घरात कोण कोण हाय ते लपवू नका." मी म्हटलं, लपवायला आहे कोण? मालक जाऊन तीन वर्षं झाली. मी एकटी.

न्हाणी आमची परसात, पाच पायऱ्या उतरून. श्रावणात मी तिथं पडले, मनगट मोडलं, आणि पुण्याच्या मुलानं फोनवर निकाल दिला: दिवाळीपर्यंत खोलीला लागून बाथरूम झालं तर ठीक, नाहीतर पुण्याला यायचं, नवव्या मजल्यावर. मला ते नको होतं. आपण गेल्यावर जिथून बघायचं, तिथं जिवंतपणी कशाला जाऊन बसायचं? म्हणून मिस्त्रींना म्हटलं, लवकर करा. ते म्हणाले, "करू की अक्का. आधी आंघोळ करून दावा."

मी त्यांचीच थापी उचलणार होते. पण तो त्यांचा रिवाजच होता. पलंगाशेजारच्या रिकाम्या कोठीत त्यांनी खडूनं चौकोन आखला, स्टूल ठेवलं, माझ्या हातात रिकामा तांब्या दिला. लुगड्यासकट, डोळे मिटून, पलंगापासून चालत यायचं, बसायचं, तांब्या ओतायचा, साबण शोधायचा, उठायचं. "डोळे उघडे असले की माणूस खोटी आंघोळ करतंय," असं त्यांचं म्हणणं. हात जिथं जाईल तिथं खूण करायचे. नळ इथं, साबण इथं, धरायचा दांडा इथं. एका वकिलाच्या घरी म्हणे त्यांनी सासू-सुनेला एकाच चौकोनात उतरवलं, आणि दोन बाथरूम बांधा म्हणून सांगून निघून आले. मी आठ दिवस भर दुपारी कोरडी आंघोळ केली. वीट एक बसली नाही.

नवव्या दिवशी डोळे उघडले, तर माझ्या पावलांशेजारी आणखी दोन पावलं आखलेली. मोठी. डावं बाहेर वळलेलं. डाव्या भिंतीवर, माझ्या उजवीकडच्या दांड्याच्या खुणेहून वीतभर वर, दुसरी खूण.

"ही कुणाची?"

"मालकांची की."

"ते नाहीत, मिस्त्री. सांगितलंय तुम्हाला."

"ऐकलं की अक्का. पर सवय न्हाय गेली त्यांची."

मालकांचा डावा पाय गिरणीत मोडलेला, तो बाहेरच वळायचा. मिस्त्रींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. खोदून विचारलं तर म्हणाले, जुन्या न्हाणीतली शहाबादी फरशी तशीच झिजलीय. आणि हाताची उंची? "न्हाणीच्या चौकटीवर हाताचा डाग हाय की." मला पटलं. भाकरी थापताना आठवलं, वाळवी लागली म्हणून ती चौकट मी मागच्याच वर्षी बदलून घेतली होती.

दसऱ्याला मुलगा काम बघायला आला, आणि काम म्हणजे नुसता खडू. "ह्या डाव्या भिंतीला वॉशिंग मशीन बसवा," तो म्हणाला.

"तितं बसत न्हाय, साहेब. ती जागा भरलेली हाय."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, बॅग भर. हे दिवाळीपर्यंत फरशीच रंगवत बसणार."

मिस्त्रींनी शांतपणे तांब्या त्याच्यापुढं धरला. "एक डाव करून दावा साहेब. मग मी जातो, तुमी दुसरा बघा."

मुलानं चिडून डोळे मिटले, चौकोनाशी पोचला, आणि थांबला. मग अंग चोरून उजवीकडं सरकला, दारातून बाहेर येणाऱ्याला वाट देतात तसा. शाळेत असताना तो रोज न्हाणीच्या दारात असाच उभा राहायचा, बापाची आंघोळ आटपेपर्यंत. डोळे उघडून त्यानं त्या वळलेल्या पावलाकडं पाहिलं.

"दोन्ही दांडे लावा," म्हणाला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी ओली आंघोळ केली. मिस्त्री अंगणात थांबले होते. "जागा पुरती का, अक्का?"

"पुरते."

"दोघांस्नी?"

मी केस पुसत राहिले.

आता ते होटगीला लेकीकडं असतात. हात थरथरतात, खडू धरवत नाही म्हणे. त्यांना एक विचारायचं राहिलंय. आमचं बोअरचं पाणी खारं. माझ्या दांड्यावर पांढरे डाग बसतात, आठवड्याला चिंच लावून घासावा लागतो. डाव्या दांड्याला मी हात लावत नाही, आणि तो चकचकीत असतो. फोन करीन म्हणते, करत नाही. मिस्त्री या वेळी खरं तेच सांगतील. सकाळी तांब्या घेऊन मी दारात जरा थांबते, अंग चोरून. मला कुठं शाळा गाठायचीय.