गरम कोपरा

गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत थंडीसाठी जमीन खालून तापवलेली असते. जिथे ती सगळ्यात गरम, तो कोपरा ज्याचं दुखतंय त्याचा. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो कोपरा मालसुनबाईंकडे होता.

नवा सांधा एक्स-रेत चांगला दिसत होता. तरी पांघरुणाची कड लागली की गुडघ्यात करंट बसायचा. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडून बघू. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, दुखणं तुझ्या मनात बसलंय." तारीख ठरली. मालसुनबाईंना पुन्हा ऑपरेशन नको होतं. पण नको म्हणायला कारण काय देणार?

दुपारी पत्ते चालले होते. मालसुनबाई गरम कोपऱ्यात पाय दुमडून, उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू जमिनीला टेकवून बसल्या होत्या.

"पत्ता टाकतेस, की अंडं उबवतेस?" शेजारच्या ओकबुनबाई म्हणाल्या.

"टाकते गं. हरायची एवढी घाई कशाला?"

डाव संपल्यावर त्या उठल्या, तशी ओकबुनबाईंना त्यांच्या सलवारीवर ओल दिसली. त्यांनी सलवार वर सारली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बशीएवढा फोड येऊन फुटला होता.

"अगं, भाजलीस की. कळलं नाही?"

मालसुनबाईंनी बोट लावून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा गुडघा चाचपावा तसं वाटलं. "नाही," त्या म्हणाल्या.

फोड दाखवायला त्या त्याच डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी गुडघ्यावर कापूस फिरवला. बाहेरच्या बाजूला मालसुनबाईंना काहीच जाणवेना. आतल्या बाजूला एका जागी बोटाने टिचकी मारली, तेव्हा मालसुनबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"आजी, हाच का तो करंट?"

"हाच."

त्यांनी तिथे बधिर करायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मालसुनबाई चालल्या, वाकल्या. दुखलं नाही.

"ऑपरेशनात कापताना कातडीची बारीक नस दुखावली. म्हणून बाहेरच्या बाजूला बधिर, आतल्या बाजूला करंट," डॉक्टर खाली बघून म्हणाले. "सांधा उघडायचा नाही. इलाज नसेचा करायचा. आज मात्र औषध उतरलं की पुन्हा दुखेल."

उतरलं, आणि दुखलं.

दुसऱ्या दिवशी मालसुनबाई दाराजवळच्या गार जमिनीवर बसल्या. गरम कोपऱ्यात कुणीच बसलं नाही.

"दुखतंय का?" ओकबुनबाईंनी विचारलं.

"दुखतंय. मनात नाही म्हणे."

"मुलाला सांगितलंस?"

"सांगेन," मालसुनबाई म्हणाल्या आणि पत्ते पिसायला घेतले.