नारायणस्वामींचा ‘च्’

उमाकांत सबनीस अंबत्तूरच्या कारखान्यात ओतीव भाग तपासायचे. हातोडीनं टकटक करायची. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत चीर. हळूहळू ते माणसंही अशीच वाजवून घ्यायला लागले. शब्दांवर भरवसा नाही, आवाजावर सगळा. पुण्याहून बदलून येऊन दोन वर्षं झाली होती, पण यंत्रांच्या गोंगाटात चेन्नईकरांचे बारीक आवाज त्यांच्या कानी कधी पडलेच नव्हते.

२००५ साली त्यांच्या कौमुदीनं ऑफिसातला श्रीवत्स पसंत केला. घर तंजावरच्या मराठ्यांचं, राहायला मैलापूर. सबनीस सपत्नीक पाहायला गेले.

“मुलाला काही आजार वगैरे?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मुलाचे वडील नारायणस्वामी यांनी जीभ दातांमागे चुटकन वाजवली. “च्.”

सबनीस सावध झाले. हा तर समाचाराला गेल्यावर काढायचा आवाज!

“व्यसन?”

“च्.”

“आधी कुठं जमून मोडलेलं?”

“च्, च्.”

दोनदा! म्हणजे दोन ठिकाणी!

रिक्षात विद्युलताबाई म्हणाल्या, “माणसं किती गोड आहेत, नाही?”

“गोड? बापाला पोराची कीव येतेय, दिसत नाही तुला?”

घरी पोचताच त्यांनी लग्न मोडल्याचं जाहीर केलं आणि साभिनय पुरावा सादर केला. कौमुदीनं कपाळाला हात लावला.

“अहो बाबा, इथं ‘च्’ म्हणजे ‘नाही’!”

“तू त्यांच्याच बाजूनं बोलणार.”

तेवढ्यात फोन वाजला. नारायणस्वामी होते.

“सबनीस सार, विचारतों, कोप करूं नका. श्रीवत्साला सुवर्णपदक आहे म्हणालों, तर तुम्ही ‘हूंऽऽ’ करून खिडकीकडे पाहिलें. तुम्हांस हें स्थळ नको काय? कां मुलीचें कांही लपवतां?”

सबनीस गारच पडले. तो हुंकार कौतुकाचा होता. पुण्यात त्याहून जास्त कौतुक कोणी करत नाही.

“अहो, नाही हो! आवडला मुलगा!” ते ओरडलेच. “रविवारी तिघंही जेवायलाच या. काय ते तोंडानं बोलून टाकू. येताय ना?”

पलीकडे शांतता.

“येताय ना?”

पुन्हा शांतता. सबनिसांच्या भुवया चढल्या.

“बाबा,” कौमुदी हळूच म्हणाली, “ते तिकडे मान डोलावत असतील.”

सबनिसांनी रिसीव्हर आणखी थोडा वेळ कानाशी धरला. मग हातानं झाकून स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, “अगं, रविवारी सहा पानं धर.”