गजभिये काकांची बसमधली समाधी

आखातातल्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीतल्या मराठी घरांत बातमी फिरली, की मिलिंद गजभियेंना बसमध्येच समाधी लागली. रहमान ड्रायव्हरने तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडेनात. शेजारच्या नमिताकाकूंच्या आवृत्तीत तर ते सीटपासून वीतभर वर तरंगले होते.

समाधी-बिमाधी काही नव्हती. बसचा एसी बंद होता.

गजभिये काका भंडाऱ्याचे. स्टेडियमवर प्लंबिंगचे फोरमन, मुक्काम बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत. लहानपणापासून विहारात ध्यानाला बसलेला माणूस. दर शुक्रवारी ते गार्गीच्या घरी तिच्या बाबांना आणि बाबांच्या चार मित्रांना ध्यान शिकवायला येत. चौदा वर्षांची गार्गी सगळ्या जगाच्या नकला करायची, पण काकांची नक्कल तिची लाडकी: "दुःख हाय. दुःखाले कारण हाय. कारण गेलं का दुःख गेलं. अन् ते घालवाचा रस्ताबी हाय, बाप्पा!"

बाबा, म्हणजे अभिजितराव, त्याच प्रोजेक्टचे मॅनेजर. वर्ल्ड कप दीड वर्षावर आलेला. अकरा दिवस चाळीस माणसं त्या भट्टीतून साइटवर जात होती, दोघं भोवळ येऊन पडलेही, आणि दुरुस्तीचा कागद बाबांच्या सहीवाचून अडला होता. काकांनी तीनदा विचारलं. बाबा एसीखाली मांडी घालून म्हणाले, "गजभिये, बजेट फ्रीझ आहे हो. स्वीकारायला शिकलं पाहिजे. होईल, इन्शाल्ला." चार सत्यांतलं पहिलं त्यांनी कामगारांना देऊन टाकलं होतं, उरलेली तीन घरी वापरायला ठेवली होती.

"बरं साहेब," काका म्हणाले. "पुढचा वर्ग बसमंदी घेऊ. वीसच मिनिटं."

"काका, बेट! लावा पैज!" गार्गी ओरडली. "तुम्हीच आधी चिडणार. बाबा एकदम कूल आहेत."

"अन् हरलीस तं?"

"आठवडाभर कुणाचीच नक्कल नाही."

जुलैतला शुक्रवार, भर दुपार. कामगारांची बस घराखालीच उभी. पाच साधक डोळे मिटून बसले.

"घाम येऊन राहिला, पाहा," काका शांतपणे म्हणाले. "काहून येऊन राहिला, तेबी पाहा."

तिसऱ्या मिनिटाला एक मित्र "अर्जंट कॉल" म्हणत उतरला. पाचव्याला बाकीचे तिघं. सातव्याला बाबा ताडकन उठले. "खलास! माणसं मारायचीत का?" असं कुणावर तरी खेकसत त्यांनी वर्कशॉपला फोन लावला. "मेकॅनिक आज पाहिजे! बजेट मी बघतो! यल्ला, लवकर!"

काकांनी एक डोळा उघडला. "कारण सापडलं वाटते." पुन्हा मिटला, आणि उरलेली तेरा मिनिटं पुरी केली. बिचारा रहमान घाबरून पाणी शिंपडत होता, तो तेव्हाच.

शनिवारी चाळीस माणसं गारेगार बसमधून कामावर गेली. त्याच संध्याकाळी नमिताकाकू गार्गीच्या घरी आल्या. छातीवर हात, डोळे गरागरा, आवाज तारसप्तकात: "अगंऽऽ, वीतभर वरऽऽ!"

गार्गीने दोन्ही ओठ दातांखाली धरले. पैजेचे अजून सहा दिवस होते.