नागपूरला पाहिलेला किरायाचा फ्लॅट

सर्वांना नमस्कार. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे, तरी जे घडले ते नीट लिहितो.

पत्नीच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आज नागपूरला रुग्णालयाजवळ किरायाचा फ्लॅट पाहिला. दवनीवाड्याहून घरमालकांसाठी आमच्या शेतातील नवा तांदूळ नेला होता. किराया ठरला. आजाराविषयी बोलू नका, असे मुलाने बजावले होते. तरी मी मालकांना सांगितले.

मालक म्हणाले, "काकाजी, घरात बरेवाईट झाले तर पुढे किरायेदार येत नाही."

दिलेला तांदूळ मी परत मागितला नाही.

घरी पोहोचताच पत्नीने विचारले, "काऊन जी, नाही म्हणला का तो?"

"घर अंधारं होतं. मलेच नाही पटलं."

तिच्याशी मी पहिल्यांदाच खोटे बोललो. सोमवारी दुसरे घर पाहायचे आहे. तिथेही खोटेच बोलावे काय, हे आपण सांगावे.